वाशीम, अकोला, नागपूर

वाशीम जिल्हा 1 जुलै 1998 रोजी अस्तित्वात आला. 1905 मध्ये जुना वाशीम जिल्हा अकोला व यवतमाळ यांत विभागला गेला होता. ही केवळ कारभाराची बाब नव्हे. 1869 च्या घटस्फोट कायद्यान्वये ख्रिस्ती दांपत्याबाबत जिल्हा न्यायालयाने दिलेला हुकूमनामा उच्च न्यायालयाने कायम करावा लागे. म्हणजे इथल्या परित्यक्त भगिनीला आधी अकोला, मग नागपूर!

पुराव्यातही विषमता होती. पतीला पत्नीचा व्यभिचार दाखविणे पुरेसे होते. पत्नीला सामान्यतः व्यभिचारासोबत क्रौर्य किंवा दोन वर्षांचा परित्याग यांसारखी आणखी एक गोष्ट सिद्ध करावी लागे. 1997 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने हा भेद घटनाबाह्य ठरविला. 2001 च्या दुरुस्तीने पती-पत्नींना समान कारणे मिळाली आणि उच्च न्यायालयाच्या मंजुरीची अटही गेली.

विवाह हा पवित्र संस्कार आहे, ही आपली श्रद्धा अढळ आहे. तथापि धर्मप्रांतीय न्यायासनाने विवाह शून्यवत ठरविला, तरी दिवाणी कायद्याने तो संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये स्पष्ट केले. म्हणून पुनर्विवाहापूर्वी दिवाणी न्यायालयाचा निर्णयही हाती असावा. अन्यथा नव्या संसारातील पत्नीचा दर्जा व हक्कच धोक्यात येतील.