काकूचा प्रश्न : मग कास कशाला धुवायची?

आमच्या गावच्या दूध संस्थेत सकाळी साडेसहाला रांग लागते. किटल्या, कॅन, प्लॅस्टिकचे डबे घेऊन माणसं उभी असतात. मशीनमधून पावती निघाली की मागचा पुढच्याला एकच विचारतो, "किती लागलं?" दूध कसं आहे, हे कुणी विचारत नाही. 'किती लागलं' म्हणजे फॅट किती आणि एसएनएफ किती. फॅट म्हणजे स्निग्धांश. एसएनएफ म्हणजे पाणी आणि स्निग्धांश वगळून जे उरतं ते : प्रथिनं, दुग्धशर्करा, क्षार.

मागच्या महिन्यात सुट्टीला गेलो तेव्हा काकूबरोबर रांगेत उभा राहिलो. काकूच्या दोन एचएफ संकरित गायी. पावती आली : फॅट ३.४, एसएनएफ ८.३. तिच्या मागच्या माणसाचं दूध गाळणीवर ओतलं तर जाळीत शेणाचे कण आणि दोन-चार केस अडकले. त्याला लागलं ३.८ आणि ८.६. अर्थात दरही त्यालाच जास्त.

घरी येताना काकू म्हणाली, "अरे, मी कास कोमट पाण्यानं धुते, कोरड्या फडक्यानं पुसते, पहिल्या धारा वेगळ्या वाटीत काढून बघते. त्याचे किती लागले? मग कास कशाला धुवायची?"

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं की तिच्या प्रश्नामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. तो इथे मांडतोय. पोस्ट लांबली आहे, चहा घेऊन बसा.

सुरुवात न्यूयॉर्कपासून करावी लागेल, कारण शहराचं दूध हा राजकीय प्रश्न पहिल्यांदा तिथे पेटला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिथे दारूच्या भट्ट्यांना लागूनच गोठे होते. भट्टीतून निघालेला गरम चोथा गायींना घालायचे. गायी अंधाऱ्या, कोंदट जागेत एकाच ठिकाणी बांधलेल्या, अंगावर फोड, कित्येकींच्या शेपट्या झडलेल्या. दूध पातळ आणि निळसर निघायचं, मग त्यात पीठ-खडू कालवून ते पांढरं करून विकायचे. लहान मुलं मरत होती. १८५८ मध्ये फ्रँक लेस्ली या संपादकानं आपल्या सचित्र साप्ताहिकात त्या गोठ्यांची चित्रं छापली, मोठा गदारोळ झाला आणि १८६२ मध्ये राज्याला कायदा करावा लागला. लक्षात घ्या, तेव्हा लोकांचा पहिला प्रश्न होता : गाय कुठे बांधली आहे आणि खाते काय? फॅटचा आकडा तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हता.

तो आला १८९० मध्ये. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात स्टीफन बॅबकॉक नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. त्या भागात चीज-लोण्याचे कारखाने निघाले होते आणि शेतकऱ्याला पैसे मिळायचे वजनावर. साहजिकच कुणी साय काढून घ्यायचा, कुणी पाणी घालायचा आणि प्रामाणिक माणूस मूर्ख ठरायचा. बॅबकॉकनी सोपी युक्ती काढली. दुधात सल्फ्युरिक ॲसिड घालायचं, बाटली गरगर फिरवायची, स्निग्धांश वर येतो, मानेवरच्या खुणांवर वाचायचा. या शोधाचं त्यांनी पेटंट घेतलं नाही. पुढच्या एक-दोन वर्षांत स्वित्झर्लंडमध्ये निकलाउस गर्बर यांनी तशीच दुसरी पद्धत बसवली. आपल्याकडे मशिनं येण्याआधी डेअरीत जे काचेचं ब्युटायरोमीटर आणि हातानं फिरवायचं यंत्र असायचं, ते याच गर्बरचं. जुन्या माणसांना तो ॲसिडचा वास आठवत असेल.

एसएनएफची गोष्ट वेगळी आहे. ते थेट मोजणं किचकट, म्हणून लॅक्टोमीटर दुधात सोडून घनता बघायची (आपण त्याला 'डिग्री' म्हणतो) आणि फॅटचा आकडा घेऊन सूत्रात बसवायचं. हे सूत्र हेन्री रिचमंड या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाच्या नावानं ओळखलं जातं. तो १८९० च्या दशकात एका इंग्लिश डेअरी कंपनीत काम करायचा. सूत्राच्या शेवटी एक ठरावीक आकडा मिळवायचा असतो. रिचमंडचा होता ०.१४. आपल्याकडे ०.३६ वापरतात, ०.४४ सुद्धा वापरतात. म्हणजे दूध तेच, गाय तीच, डिग्री तीच, पण सूत्रातला शेवटचा आकडा बदलला की एसएनएफ जवळजवळ एका पॉइंटनं हलतो. पॉइंटमागे पैसे कापले जातात, हे रांगेतल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

या चाचण्यांना मी नावं ठेवत नाही. त्यांनी चोरी पकडली. पण चाचणी जे मोजते तेवढंच चोर सांभाळतो. घनता मोजली तर साखर आणि मीठ आलं, फॅट मोजलं तर तेल आलं. आणि चाचणी जे मोजत नाही, ते प्रामाणिक माणसानं केलं काय न केलं काय, पावतीवर सारखंच.

आता आपल्या मुंबईकडे या. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या मुंबईत तबेले वस्तीत होते, म्हशी दाटीवाटीनं बांधलेल्या, शेणमूत गटारात. दारा खुरोडी या अधिकाऱ्यानं जे करून दाखवलं ते आज आपण विसरलोय. १९४९ पासून गोरेगावजवळ आरे कॉलनी उभी राहिली, सुमारे १६ हजार जनावरं शहराबाहेर हलवली गेली. गोठे सरकारचे, म्हशी गवळ्यांच्या, दूध एका जागी येऊन निर्जंतुक व्हायचं आणि काचेच्या बाटलीत भरलं जायचं. न्यूयॉर्कला जो प्रश्न पडला होता त्याचं हे मुंबईनं दिलेलं उत्तर होतं : आधी जनावराची जागा सुधारा. १९६३ मध्ये व्हर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर खुरोडींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्याला त्यातली दोन नावं पाठ आहेत, तिसरं नाही.

पण याच खुरोडींनी टोन्ड दूधही आणलं. म्हशीच्या दाट दुधात पाणी आणि स्किम पावडर मिसळून फॅट ३ टक्क्यांवर आणायचं आणि एसएनएफ ८.५ ठेवायचं. गरिबाला परवडणारं दूध मिळालं, त्यात वाईट काही नव्हतं. मात्र दूध म्हणजे दोन आकड्यांची जुळणी, हा विचार तिथून आपल्या अंगवळणी पडला असं माझं मत आहे. एकाच माणसाच्या दोन कामांपैकी गोठ्याचं काम मागे पडलं आणि आकड्यांचं काम पुढे गेलं.

तिसरा टप्पा काकूच्या गोठ्याशी थेट जोडलेला आहे. गांधीजींबरोबर १९४६ मध्ये उरुळी कांचनला आलेले मणिभाई देसाई तिथेच राहिले आणि १९६७ मध्ये त्यांनी 'बाएफ' ही संस्था काढली. जर्सी आणि होल्स्टीन फ्रिजियन यांचं गोठवलेलं वीर्य खेडोपाडी पोचलं. रोज दोन-तीन लिटर देणाऱ्या गायीच्या कालवडी दहा-बारा लिटर देऊ लागल्या. राहुरी विद्यापीठानं एचएफ, जर्सी आणि गीर यांच्या संकरातून फुले त्रिवेणी तयार केली. पश्चिम महाराष्ट्रातल्या किती घरांतल्या मुलामुलींच्या फीया या गायींनी भरल्या, याची मोजदाद कोण करणार? आमच्या घरातल्या तरी भरल्या.

मात्र एचएफचं दूध मुळातच पातळ असतं. म्हशीला सहा-सात फॅट लागतं, जर्सीला साडेचारच्या पुढे, एचएफला साडेतीनच्या आसपास. त्यात उन्हाळ्यात ती धापा टाकते, चारा कमी खाते आणि दोन्ही आकडे खाली येतात. कडबा-वैरण कमी आणि पेंड जास्त झाली की फॅट पडतं, कारण फॅट तयार व्हायला पोटात तंतुमय चारा लागतो. म्हणजे ज्या गायीला आपण घरी आणलं, तिच्या दुधाला मारक ठरेल अशाच मापानं आपण पैसे मोजतो. कायद्यानं आज ३.२ फॅट आणि ८.३ एसएनएफ असलेलं गायीचं दूध प्रमाणित आहे. दराची चर्चा मात्र कायम ३.५ आणि ८.५ धरून होते. काकूचं दूध कायद्यानं पास, दरपत्रकात नापास.

आणि स्वच्छतेचं काय? युरोपात १९९० च्या दशकापासून नियम आहे की शेतकऱ्याच्या कच्च्या दुधात मिलीलिटरमागे जिवाणू १ लाखाच्या आत आणि सोमॅटिक पेशी ४ लाखांच्या आत हव्यात. या पेशी वाढल्या याचा अर्थ कासेला सूज आहे, ज्याला आपण दगडी किंवा कासदाह म्हणतो. पेशी वाढल्या की दुधातलं केसिन घटतं, पनीर-चीज कमी पडतं. घरच्या घरी ओळखायला १९५७ पासून साधी चाचणी उपलब्ध आहे. चार खळग्यांचं एक पॅडल, चार सडांच्या चार धारा, त्यात द्रावण टाकायचं. दूध घट्ट, चिकट झालं तर त्या सडात गडबड. जिवाणूंसाठी त्याहून जुनी निळ्या रंगाची चाचणी आहे : दुधात मिथिलीन ब्लू टाकायचं, रंग पाच तासांवर टिकला तर दूध उत्तम, अर्ध्या तासात उडाला तर वाईट. प्लँटवर टँकर आला की ही करतात. पण टँकरमध्ये दहा गावांचं दूध एक झालेलं असतं. गावातल्या बल्क कूलरमध्येही तेच होतं. ४ अंशांना जिवाणूंची वाढ मंदावते, आलेले जिवाणू जात नाहीत. काकूचं दूध आणि शेणाच्या कणांचं दूध तिथे एकमेकांत मिसळतं आणि पुढे कुणालाच ओळखू येत नाही.

शहरातल्या मित्रांना वाटतं की गावाकडून येणारं दूध म्हणजे युरिया आणि साबण. त्यांच्यासाठी एक माहिती. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१८ मध्ये देशभरातून ६,४३२ नमुने तपासले. आरोग्याला घातक भेसळ सापडली १२ नमुन्यांत. अफ्लाटॉक्सिन मर्यादेपेक्षा जास्त निघालं ३६८ नमुन्यांत आणि प्रतिजैविकांचे अंश ७७ मध्ये. अफ्लाटॉक्सिन येतं बुरशी लागलेल्या पेंडीतून आणि मक्यातून. प्रतिजैविक येतं दगडीवर औषध दिल्यावर सांगितलेले दिवस न थांबता दूध डेअरीला घातल्यामुळे. या दोन्ही गोष्टी गोठ्यातल्या आहेत. फॅटच्या मशीनला यातलं काही दिसत नाही.

दुधाचं राजकारण गेली काही वर्षं आपण पाहतोच आहोत. २०१७ चा शेतकरी संप, जुलै २०१८ चं दूध बंद आंदोलन, २०२४ चं लिटरमागे ५ रुपयांचं अनुदान. मी आंदोलनांच्या बाजूचाच माणूस आहे. पण मागणी प्रत्येक वेळी दराची आणि फार तर काटामारीची झाली. अनुदानासाठी गायीच्या कानात बिल्ला लागला, आधारशी जोडलेलं खातं लागलं, फॅट-एसएनएफची अट लागली. कासेची चाचणी कुणी मागितली नाही, ना सरकारनं ना आपण. त्या सडाला रोज हात लावणारी बहुतेक घरांत बाईच असते आणि संस्थेच्या सभेत खुर्चीवर बसणारा पुरुष, हेही एक कारण असावं.

दुसऱ्या दिवशी पहाटे काकू नेहमीसारखी कोमट पाण्याची बादली घेऊन गोठ्यात गेली. मी विचारलं, "आता कशाला धुतेस?" म्हणाली, "गायीला दुखतं बाबा, घाण राहिली की."

संस्थेची वार्षिक सभा पुढच्या महिन्यात आहे. दरपत्रकात जिवाणूंचा किंवा पेशींचा एक रकाना घाला, निदान महिन्यातून एकदा प्रत्येक सभासदाचं दूध वेगळं तपासा, असा ठराव काकूच्या नावानं देणार आहे. सूचक काकू, अनुमोदक अजून सापडायचाय. तुमच्या संघाच्या दरपत्रकात असा रकाना असेल तर त्याचा फोटो खाली टाका, सभेत दाखवायला उपयोगी पडेल.