छायाचित्रण, कौटुंबिक लघुव्यवसायांचे

कुटुंबाच्या मालकीची व मुख्यतः कुटुंबीयांच्या श्रमावर चालणारी दुकाने, कामशाळा, उपाहारगृहे, पेढ्या इत्यादींची, त्यांचे मालक व कामगार यांच्यासह, मोबदला घेऊन काढलेली छायाचित्रे या प्रकारात मोडतात. छायाचित्रण कलेच्या इतिहासात या शाखेकडे दीर्घकाळ दुर्लक्ष झाले. ही छायाचित्रे कलाकृती म्हणून काढली गेली नव्हती. गिऱ्हाइकाला देण्यासाठी, परगावच्या नातेवाइकांना धाडण्यासाठी किंवा दुकानात लावण्यासाठी ती काढली गेली. तथापि ज्या लहान व्यावसायिकांनी आत्मचरित्रे लिहिली नाहीत व ज्यांचे हिशेबाचे कागदही उरले नाहीत, त्यांच्या जीवनाचा हा अनेकदा एकमेव दृश्य पुरावा ठरतो. मात्र छायाचित्र कोणाच्या सांगण्यावरून व कोणाच्या पैशाने काढले गेले आणि त्यासोबत नाव, गाव व साल यांची नोंद राहिली की नाही, यांवर त्या पुराव्याचे मोल अवलंबून असते.

पूर्वपीठिका : निरनिराळ्या धंद्यांतील माणसांची चित्रे काढण्याची प्रथा छायाचित्रणाच्या शोधापूर्वीची आहे. पॅरिस व लंडन येथील फिरत्या विक्रेत्यांच्या आरोळ्या व वेश दाखविणाऱ्या मुद्रितचित्रांच्या मालिका यूरोपात लोकप्रिय होत्या. भारतात कंपनी शैलीच्या चित्रकारांनी कुंभार, विणकर, सोनार इत्यादींची हत्यारांसह व पुष्कळदा पत्नीसह चित्रे काढून ती इंग्रज अधिकाऱ्यांना विकली. जेम्स स्किनर याने १८२५ मध्ये सिद्ध केलेल्या तशरीह-अल्-अक्वाम या फार्सी ग्रंथात जाती व व्यवसाय यांची माहिती अशाच चित्रांसह दिली आहे. या सर्व चित्रांत धंद्याचा नमुना दाखविला जाई. विशिष्ट माणसाची ओळख देणे हा त्यांचा हेतू नसे.

प्रारंभीची व्यवसायचित्रे : दागेअरच्या पद्धतीची घोषणा १८३९ मध्ये झाली. त्यानंतर थोड्याच वर्षांत अमेरिकेतील लोहार, चांभार, सुतार व शिंपी आपापली हत्यारे हाती घेऊन छायाचित्रकारापुढे बसू लागले. अशा छायाचित्राचे पैसे कारागीर स्वतः देत असे. कोणते हत्यार हाती धरावयाचे व कोणते कपडे घालावयाचे हेही बव्हंशी तोच ठरवी. पूर्वीच्या चित्रमालिकांपेक्षा हा महत्त्वाचा फरक होता. १८५४ मध्ये फ्रान्समध्ये दिस्देरी याने एकाच काचपट्टीवर अनेक लहान छायाचित्रे घेण्याच्या पद्धतीचे एकस्व मिळविले. १८५६ मध्ये लोखंडी पत्र्यावरील छायाचित्रांची पद्धत अमेरिकेत एकस्वांकित झाली. या दोहोंमुळे किंमती उतरल्या आणि सामान्य कारागिराला छायाचित्र परवडू लागले.

दुकानाच्या दर्शनी भागाचे छायाचित्र : प्रत्यक्ष दुकानाचे छायाचित्र घेणे हे माणसाच्या छायाचित्राहून अवघड होते. १८५१ मध्ये आर्चरने प्रसिद्ध केलेल्या ओल्या कलोडियन पद्धतीत काचपट्टी जागेवरच तयार करून ती ओली असतानाच वापरावी लागे. १८७१ मध्ये मॅडॉक्सने जिलेटिनाच्या कोरड्या पट्टीची पद्धत सुचविली. पुढे अशा पट्ट्या तयार मिळू लागल्यावर छायाचित्रकार सहज बाहेर पडू लागला. तरीही दुकानाच्या आतील अंधारामुळे व्यवसायाचे दर्शन रस्त्यावरूनच घ्यावे लागे. म्हणून माल बाहेर आणून पायऱ्यांवर व फळ्यांवर रचला जाई. मालक, त्याची पत्नी, मुले, नोकर व उमेदवार दारात क्रमाने उभे राहत. काही सेकंद निश्चल राहावे लागत असल्याने चेहरे गंभीर दिसतात. मध्येच हललेले मूल किंवा घोडा अस्पष्ट उमटतो. जुन्या पट्ट्या तांबड्या रंगाला जवळजवळ असंवेदनशील असल्यामुळे काळ्या भूमीवरील तांबडी अक्षरे छायाचित्रात नाहीशी होत. इमारतीच्या कडा उभ्या व सरळ दिसाव्यात यासाठी भिंग वरखाली सरकविता येणारा मोठा कॅमेरा वापरीत. १८८७ पासून मॅग्नेशियमच्या चूर्णाचा झगझगीत प्रकाश उपलब्ध झाल्यावर आतील भागाचीही छायाचित्रे घेणे सुकर झाले. त्यापूर्वी न दिसणारी भट्टी, मागची खोली व तेथे काम करणारी माणसे यांमुळे दृष्टिपथात आली.

या प्रकाराचा सर्वाधिक प्रसार छायाचित्रित पोस्टकार्डांमुळे झाला. पत्त्याच्या बाजूस मजकूर लिहिण्याची परवानगी ब्रिटनमध्ये १९०२ साली व अमेरिकेत १९०७ साली मिळाली आणि चित्रासाठी एक संपूर्ण बाजू मोकळी झाली. ईस्टमन कोडॅक कंपनीने १९०३ मध्ये पोस्टकार्डाच्या आकाराचे छायाचित्र घेणारा कॅमेरा विक्रीस आणला. फिरते छायाचित्रकार गावोगाव जाऊन बेकरी, खाटकाचे दुकान, नाल ठोकणाऱ्याची भट्टी अशांची छायाचित्रे घेत आणि थोड्या प्रतींची मागणी असली तरी ती पुरवीत. दुकानदार हीच कार्डे जाहिरात म्हणून गिऱ्हाइकांना व खुशालीचे पत्र म्हणून नातेवाइकांना पाठवीत असे.

धंद्याचे नमुने आणि नावानिशी माणसे : दुकानदाराच्या मागणीवरून घेतलेल्या छायाचित्रांना समांतर असा दुसराही प्रवाह होता. त्यात छायाचित्रकार स्वतः विषय निवडी आणि ग्राहक तिसराच असे. जॉन टॉमसनने ॲडॉल्फ स्मिथच्या सहकार्याने १८७७-७८ मध्ये स्ट्रीट लाइफ इन लंडन हे मासिक भागांत प्रसिद्ध होणारे प्रकाशन काढले. त्यात ३६ छायाचित्रे असून जुने कपडे विकणारे, फुले विकणाऱ्या स्त्रिया इत्यादींच्या चित्रांसोबत त्यांच्या परिस्थितीची हकीकतही दिली आहे. चित्र व मजकूर यांची सांगड हे या प्रकाशनाचे वैशिष्ट्य होय.

पॅरिसमध्ये यूजेन आत्झे (१८५७–१९२७) याने कलावंतांना उपयुक्त अशी छायाचित्रे विकण्याचा धंदा केला. नामशेष होत चाललेल्या लहान धंद्यांची, दुकानांच्या पाट्यांची व मालाच्या मांडणीची त्याने काढलेली छायाचित्रे पॅरिसच्या संग्रहालयांनी व ग्रंथालयांनी विकत घेतली. त्याच्या काही छायाचित्रांत दाराच्या काचेमागून बाहेर पाहणारा मालक किंवा नोकर पुसट दिसतो. जर्मनीत आउगुस्ट झांडर (१८७६–१९६४) हा कोलोन येथील व्यावसायिक छायाचित्रकार होता. वेस्टरवाल्ड भागातील शेतकऱ्यांची त्याने पैसे घेऊन काढलेली छायाचित्रे हीच त्याच्या समाजदर्शनाच्या महाप्रकल्पाची बैठक ठरली. त्या प्रकल्पात कारागिरांचा स्वतंत्र गट होता. ६० छायाचित्रांचा त्याचा संग्रह १९२९ मध्ये प्रसिद्ध झाला. १९३६ मध्ये नाझी सत्तेने त्याचे मुद्रणठसे नष्ट केले. दुसऱ्या महायुद्धातून वाचलेल्या त्याच्या हजारो निगेटिव्ह १९४६ मध्ये तळघरातील आगीत जळाल्या. अमेरिकन छायाचित्रकार अर्व्हिंग पेन याने १९५०-५१ मध्ये पॅरिस, लंडन व न्यूयॉर्क येथील लहान व्यावसायिकांना कामाच्या कपड्यांत व हत्यारांसह आपल्या चित्रशाळेत बोलावले. साध्या पडद्यापुढे, नैसर्गिक प्रकाशात घेतलेल्या या छायाचित्रांत माणसाचा डौल उत्तम व्यक्त होतो. परंतु त्याचे दुकान, त्याचा रस्ता व त्याचे कुटुंब दिसत नाही.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे व्यवसाय : या प्रकाराचे सामाजिक महत्त्व अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाच्या इतिहासात विशेष स्पष्ट होते. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनासाठी डब्ल्यू. ई. बी. द्यूबॉइस यांनी जॉर्जिया राज्यातील कृष्णवर्णीयांच्या जीवनाची ३६३ छायाचित्रे संग्रहपुस्तकांत मांडली. त्यांत या समाजाने चालविलेली दुकानेही होती. गुलामगिरी संपून जेमतेम ३५ वर्षे झाली असताना मालकीचे हे दृश्य प्रचलित समजुतींना उत्तर म्हणून मांडले गेले. वॉशिंग्टन येथे ॲडिसन स्कर्लॉक याने १९११ मध्ये चित्रशाळा उघडली. त्याची पत्नी मॅमी हिशेब व व्यवस्था पाही. पुढे रॉबर्ट व जॉर्ज हे पुत्र धंद्यात आले. १९९४ पर्यंत चाललेल्या या कौटुंबिक व्यवसायाने शहरातील कृष्णवर्णीयांच्या समारंभांबरोबरच त्यांच्या दुकानांची व संस्थांचीही छायाचित्रे घेतली. त्याच्या दोन लाखांहून अधिक निगेटिव्ह आता स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहेत. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील जेम्स व्हॅन डर झी (१८८६–१९८३) याचे काम मात्र १९६९ मधील मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या प्रदर्शनापर्यंत बाहेरच्या जगाला जवळजवळ अज्ञात होते आणि त्याच वर्षी त्याला राहते घर सोडावे लागले.

भारत व महाराष्ट्र : मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रण संस्था स्थापन झाली. तिच्या संस्थापकांपैकी विल्यम जॉन्सन याने विल्यम हेंडरसनसह १८५६–५८ या काळात एक मासिक छायाचित्रसंग्रह काढला. पुढे १८६३ व १८६६ मध्ये मुंबईतील लोकांविषयीचा द्विखंडात्मक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील व्यक्तींची छायाचित्रे वेगळी घेऊन ती मुंबईच्या निरनिराळ्या स्थळांच्या पार्श्वभूमीवर जोडलेली आहेत. जातीच्या व धंद्याच्या नावापलीकडे त्या व्यक्तींविषयी फारसे काही कळत नाही. सरकारी आश्रयाने १८६८–७५ या काळात निघालेल्या द पीपल ऑफ इंडिया या आठ खंडांतही हीच दृष्टी दिसते.

भारतीय छायाचित्रकारांच्या चित्रशाळा निघाल्यावर चित्र पालटू लागले. मुंबईत हरिचंद चिंतामण हे प्रारंभीच्या भारतीय व्यावसायिक छायाचित्रकारांपैकी एक होत. राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) यांनी हैदराबादेत व १८९६ मध्ये मुंबईत चित्रशाळा उघडली. तिच्या नावातच पुत्रांचा उल्लेख होता. १८९२ मध्ये हैदराबादेत त्यांनी पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र चित्रशाळा सुरू करून ती एका इंग्रज स्त्रीकडे सोपविली. दादासाहेब फाळके यांनी चित्रपटाकडे वळण्यापूर्वी गोध्रा येथे छायाचित्रणाचा धंदा केला होता. प्लेगमध्ये पत्नी व मूल दगावल्यावर त्यांनी ते गाव सोडले.

महाराष्ट्रात लहान व्यापाऱ्याच्या छायाचित्राला एक वेगळे स्थान लाभले. पेढीच्या मूळ पुरुषाचे छायाचित्र मोठे करून, पुष्कळदा त्यावर हाताने रंग भरून, गादीच्या किंवा गल्ल्याच्या वर लावतात. त्याला हार घालतात व उदबत्ती ओवाळतात. नव्या दुकानाचे उद्घाटन, दिवाळीतील वहीपूजन, सुवर्णमहोत्सव अशा प्रसंगी मालक, मुलगे व नोकर यांचे एकत्र छायाचित्र काढण्याची रीत पडली. नियतकालिकांच्या दिवाळी अंकांतील जाहिरातींत संस्थापकाचे छायाचित्र छापून पेढीच्या जुनेपणाची ग्वाही दिली जाई. स्वातंत्र्योत्तर काळात मित्तर बेदी (१९२६–८५) यांच्यासारख्यांनी मुंबईत औद्योगिक छायाचित्रणाचे स्वतंत्र क्षेत्र उभे केले. तथापि त्यांची सेवा मोठ्या उद्योगांना परवडणारी होती. भुसारी, तांबट, छापखानेवाले वा खानावळवाले यांची भिस्त गावातील छायाचित्रकारावरच राहिली.

छायाचित्रकाराचा धंदा : या प्रकारातील छायाचित्रकार हाही बहुधा लहान कौटुंबिक व्यावसायिकच असे. बाप कॅमेरा सांभाळी, मुलगा काळोख्या खोलीत प्रती काढी. निगेटिव्हवरील डाग झाकणे, रंग भरणे, प्रती पुठ्ठ्यावर चिकटविणे व नोंदवही ठेवणे ही कामे पुष्कळ ठिकाणी घरातील स्त्रिया करीत. प्रतींवर नाव मात्र पुरुषाचे असे. दुकानदार व छायाचित्रकार एकाच बाजारपेठेतील असल्याने उधारी, हंगाम व गिऱ्हाइकाची मर्जी यांची दोघांनाही सारखीच जाण असे.

मालकी हक्क : भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमानुसार, विरुद्ध करार नसल्यास, मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला प्रताधिकार ते काढवून घेणाऱ्याकडे असतो. निगेटिव्ह मात्र रूढीने छायाचित्रकाराकडे राहते. त्यामुळे हक्क एकाकडे व वस्तू दुसऱ्याकडे अशी स्थिती निर्माण होते आणि चित्रशाळा बंद पडताना निगेटिव्हची जबाबदारी कोणीच घेत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने छायाचित्रांच्या प्रताधिकाराची मुदत, प्रकाशनापासून ६० वर्षे याऐवजी, छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे अशी झाली.

पुरावा म्हणून मर्यादा : या छायाचित्रांतून मालाचे प्रकार, मांडणी, दिव्यांची सोय, पाटीवरील भाषा, पोशाख व कामगारांची वये कळतात. परंतु ती बहुधा शुभदिनी व तयारीनिशी घेतलेली असतात. कर्ज, भाऊबंदांतील वाटणी, मंदी व दिवाळे यांचा त्यांत मागमूस नसतो. मागच्या खोलीत राबणारी स्त्री पुष्कळदा छायाचित्रात येत नाही. नोकर आला, तरी त्याचे नाव नोंदले जात नाही. म्हणून छायाचित्रामागील लेखन, चित्रशाळेची नोंदवही, भाडेपावत्या व कुटुंबीयांच्या आठवणी यांच्याशी ते ताडून पाहावे लागते. माँट्रिऑल येथील नॉटमन चित्रशाळेची छायाचित्रे नोंदवह्यांसह टिकल्यामुळेच तो संग्रह संशोधकांना विशेष उपयुक्त ठरला. न्यूयॉर्क शहराने कर आकारणीसाठी १९३९–४१ मध्ये प्रत्येक इमारतीचे छायाचित्र घेतले. त्यांत पत्ता व मिळकतीचा क्रमांक नोंदलेला असल्याने आजोबांचे दुकान शोधणाऱ्यांना आज ती उपयोगी पडतात. त्याच शहरातील जुन्या दुकानांवर जेम्स व कार्ला मरे यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात छायाचित्रांना मालकांच्या मुलाखतींची जोड दिली आहे. त्यांतील बरीच दुकाने पुढे बंद पडली.

जतन : जुन्या काचपट्ट्यांवरील थर खरवडून काच पुन्हा विकणे व फिल्ममधील चांदी काढून घेणे, यांमुळे असंख्य निगेटिव्ह नष्ट झाल्या. कोलकात्याच्या बोर्न अँड शेफर्ड चित्रशाळेचा बराचसा संग्रह १९९१ च्या आगीत गेला व २०१६ मध्ये ती चित्रशाळाच बंद झाली. उलट, दीनदयाळ यांच्या दोन हजारांवर काचपट्ट्या दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने मिळवून जतन केल्या आहेत. अंकीय कॅमेरा व भ्रमणध्वनी यांच्या प्रसारानंतर गावोगावच्या चित्रशाळा झपाट्याने बंद झाल्या असून त्यांच्या माळ्यांवरील पेट्यांना वारस राहिलेला नाही. प्रसिद्ध छायाचित्रकारांचे संग्रह संस्थांकडे पोहोचतात. तालुक्याच्या पेठेतील चित्रशाळेचे पोहोचत नाहीत. त्या पेट्यांतील चेहरे ओळखणारी पिढी हयात असतानाच नाव, धंदा, पेठ व साल यांची नोंद करणे, हे जतनाच्या कामातील पहिले व सर्वांत कमी खर्चाचे पाऊल होय.