एक कुलूप, ६४ कोअर

गेल्या वर्षी आमच्या टीमने डेटाबेस सर्व्हरचे कोअर दुप्पट केले. वाटलं, आता रात्री दोनचे फोन बंद. कसलं काय! वेग तसूभरही वाढला नाही. मग मी जुना इतिहास उकरायला बसलो.

२००४ मध्ये पोस्टग्रेसवाल्यांचंही असंच झालं होतं. लोक एकापेक्षा जास्त प्रोसेसरची झिऑन मशीन घेत होते आणि काही ठिकाणी काम पुढे सरकेना. सेकंदाला हजारोंनी कॉन्टेक्स्ट स्विच. म्हणजे एक प्रोसेस खाली ठेव, दुसरी उचल, यातच प्रोसेसर दमलेला.

गोम होती बफर कॅशमध्ये. डिस्कवरची पानं मेमरीत जिथे राहतात, त्या अख्ख्या जागेला कुलूप एकच. असं समजा, वाचनालयात पुस्तकं हजारो, पण रजिस्टर एक. पुस्तक नुसतं चाळलं तरी 'हे आत्ता वाचलं' म्हणून यादीत सगळ्यात वर नोंदवायचं. वाचक दोन असतील तर चालतं. आठ झाले की सगळे रजिस्टरपाशी रांगेत!

टॉम लेन यांनी ही व्यवस्थाच बदलली. नोव्हेंबर २००५ च्या ८.१ आवृत्तीत यादी गेली, 'क्लॉक स्वीप' आलं. प्रत्येक पानाला स्वतःचा छोटा आकडा, जास्तीत जास्त ५. पान वापरलं की आकडा एकने वाढतो. जागा हवी असेल तेव्हा घड्याळाच्या काट्यासारखी फेरी मारत आकडे कमी करायचे. शून्यावरचं पान बाहेर. कोणतं पान काढायचं याचा हिशेब थोडा ढोबळ झाला, पण रांग मोडली. मला हा सौदा फार आवडतो. त्याच वर्षी एएमडी आणि इंटेलचे ड्युअल-कोअर डेस्कटॉपवर आले, म्हणजे वेळही अचूक साधली!

पुढे ८.२ मध्ये कुठलं पान कुठे आहे, या तक्त्याच्या कुलपाचे १६ तुकडे झाले, ९.५ मध्ये १२८. मधल्या ९.२ ने, २०१२ मध्ये, ६४ कोअरपर्यंत जवळपास सरळ रेषेत वेग वाढवून दाखवला. अर्थात, फक्त वाचनाच्या क्वेरींसाठी हं.

आणि आमचं मशीन? पोस्टग्रेस निर्दोष निघालं. आमच्याच कोडमध्ये प्रत्येक रिक्वेस्ट एका टेबलातल्या एकाच ओळीतला काउंटर वाढवत होती. कोअर कितीही असोत, त्या ओळीपुढे सगळे रांगेत. आता त्या ओळीच्या १६ ओळी केल्यात, बेरीज वाचताना करतो.