दिनविशेष : ३ जून – पॅलोमारची महादुर्बीण
३ जून १९४८ रोजी कॅलिफोर्नियातील पॅलोमार पर्वतावर २०० इंच व्यासाच्या आरशाची परावर्तक दुर्बीण विधिपूर्वक समर्पित झाली; परंतु ज्यांनी १९२८ साली रॉकफेलर निधीतून ६० लक्ष डॉलरांची मंजुरी मिळविली, ते ज्योतिर्विद जॉर्ज एलरी हेल हा सोहळा पाहण्यास हयात नव्हते. आरशाचे वजन कमी व्हावे म्हणून त्याच्या पाठीस पोकळ्या राखावयाच्या होत्या. मार्च १९३४ मध्ये कॉर्निंगच्या कारखान्यात पायरेक्स काचेचा रस ओतला जात असता त्याकरिता साच्यात बसविलेले ठोकळेच सुटून वर तरंगू लागले, आणि डिसेंबरात सारे ओतकाम नव्याने करणे भाग पडले. पुढे कित्येक महिने ती काच मंदगतीने निवविली गेली. त्या कारागिरांचे धैर्य खरोखर वंदनीय होय. नंतर आरसा घासून त्यास आकार देण्याचे काम सुरू झाले; दुसऱ्या महायुद्धात हे घासकाम तहकूब राहिले. ते पुरे होईतो सुमारे ५ टन काच झिजविली गेली होती.