मुळांना आज्ञा कोण देते?

जास्वंदीची काडी कुंडीत खोचली की काही आठवड्यांत तिच्या खालच्या टोकाला मुळे फुटतात. ते टोक मातीत असते म्हणून, असे उत्तर विद्यार्थी देतील. पण १८७८ मध्ये हेर्मान फ्योख्टिंग या जर्मन शास्त्रज्ञाने वाळुंजाच्या कुळातील विलोच्या काड्या दमट हवेत टांगल्या. काही सुलट, काही उलट. झाडावर असताना जे टोक बुंध्याकडे होते, तिथेच प्रामुख्याने मुळे आली, मग ते टोक वर असो वा खाली. वर कोणते आणि खाली कोणते, हे काडीला ठाऊक होते!

१८८० च्या सुमारास युलिउस झाक्स यांनी यावर एक तर्क मांडला. मुळे घडवणारा खास पदार्थ पानांत तयार होऊन खाली वाहतो. काडी तोडली की त्याची वाट अडते आणि तो छेदापाशी साठतो. तर्क चांगला होता, पण पदार्थ कुणाच्या हाती आला नव्हता.

तो सापडण्याची वाट भलत्याच प्रश्नातून निघाली. अंकुर प्रकाशाकडे का वळतो, हे शोधताना हॉलंडच्या फ्रिट्स वेंट यांनी १९२६ ते १९२८ या काळात ओटच्या अंकुरांच्या शेंड्यांतील वाढकारक द्रव्य अगरच्या तुकड्यांत उतरवले. यालाच पुढे ‘ऑक्झिन’ म्हणू लागले. १९२९ मध्ये त्यांनीच अकॅलिफाच्या पानांतून मुळे फोडणारे द्रव्यही मिळवले. ही दोन द्रव्ये वेगळी की एकच?

१९३४ मध्ये उट्रेख्ट येथे फ्रिट्स क्योगल व सहकाऱ्यांनी मानवी मूत्रातून इंडोल ॲसेटिक आम्ल वेगळे केले. ते वाढकारक होते. पण अर्कातून मिळवलेल्या पदार्थात भेसळीची शंका राहते. म्हणून १९३५ मध्ये केनेथ थिमान व कोप्फली यांनी तेच आम्ल प्रयोगशाळेत बनवून कलमांना दिले. मुळे फुटली! द्रव्य एकच होते. त्याच वर्षी अमेरिकेत झिमरमन व विलकॉक्सन यांनी इंडोल ब्युटिरिक आम्लाचा असाच गुण दाखवला. आज डाळिंबाच्या गुटी कलमासाठी हेच संजीवक वापरतात.

म्हणजे पदार्थ खाली वाहतो, हे झाक्स यांचे म्हणणे बरोबर ठरले. प्रत्येक अवयवाचा पदार्थ निराळा, हे मात्र टिकले नाही. १९५७ मध्ये स्कूग व मिलर यांनी तंबाखूच्या ऊतींवर दाखवले की सायटोकायनिनच्या तुलनेत ऑक्झिन जास्त असेल तर मुळे येतात, कमी असेल तर कोंब. २००५ मध्ये ऑक्झिनचा ग्राहक सापडला, तेव्हा आज्ञेचे स्वरूपही उलगडले. ऑक्झिन स्वतः मूळ बांधत नाही. जनुकांना अडवून धरणारी प्रथिने ते नष्ट करवते. पुढचे काम पेशी करतात.

वर्गात तीन काड्या लावून पाहा: एक पानांसह, एक पाने व डोळे काढलेली, एक उलटी. निरीक्षणे फळ्यावर मांडा आणि झाक्सच्या जागी आपण असतो तर काय तर्क केला असता, हे मुलांना ठरवू द्या.