रस्त्यावरची प्रार्थना

गावाची घाण जिकडे वाहते तिकडेच महारवाडा, मांगवाडा का, हा प्रश्न ज्यांनी पिढ्यान् पिढ्या अंगावर वागवला, त्यांना अमेरिकेतील वॉरन काउंटीचा इतिहास परका वाटणार नाही.

१९७८ च्या उन्हाळ्यात नॉर्थ कॅरोलायना राज्यात रात्रीच्या अंधारात रस्त्यांच्या कडेने सुमारे ३१,००० गॅलन तेल चोरून ओतले गेले. ट्रान्सफॉर्मरमधल्या त्या तेलात पीसीबी हे विषारी रसायन होते. २०० हून अधिक मैल माती नासली. पाप नफेखोरांचे, पण ती माती खरवडून पुरायला सरकारला जागा सापडली ती वॉरन काउंटीतील ॲफ्टनची. वस्ती बहुसंख्य काळी, गरीब, विहिरीच्या पाण्यावर जगणारी. भूजल अवघ्या काही फुटांवर. लोक न्यायालयात गेले. तिथेही दाद लागली नाही.

धर्माची कसोटी अशा वेळी लागते. संकटाला ‘देवाची इच्छा’ म्हणणारे धर्मोपदेशक कुठेही भेटतात. आपल्याकडे तेच काम कर्मविपाकाच्या सिद्धांताने केले. बायबलच्याच आधाराने अमेरिकेत गुलामगिरीचे समर्थन झाले, हेही विसरता येत नाही. वॉरनमध्ये मात्र कोली स्प्रिंग्ज बाप्टिस्ट चर्च हेच लढ्याचे ठाणे झाले. युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टच्या वंशन्याय आयोगाचे रेव्हरंड लिऑन व्हाइट आणि रेव्हरंड बेंजामिन चेव्हिस लोकांसोबत रस्त्यावर उतरले. सप्टेंबर १९८२ मध्ये ट्रक येऊ लागले, तेव्हा माणसे प्रार्थना करून निघत आणि ट्रकसमोर आडवी होत. ५०० हून अधिक जणांना अटक झाली.

ट्रक थांबले नाहीत. विष पुरले गेले. पण या पाद्र्यांची प्रार्थना ‘आमेन’पाशी संपली नाही, ती मोजणीपर्यंत गेली. १९८३ च्या सरकारी पाहणीत आग्नेय भागातील अशा ४ जागांपैकी ३ काळ्यांच्या वस्त्यांत आढळल्या. १९८७ मध्ये चर्चच्या आयोगाने देशभराचा अहवालच प्रसिद्ध केला: विषारी कचऱ्याची जागा ठरविण्यात उत्पन्नापेक्षाही वंशाचा संबंध अधिक ठळक दिसत होता. कुणाच्या दारात विष टाकायचे हे आधीच ठरलेले असते, हे लोकांना अनुभवाने ठाऊक होते. आता ते आकड्यांत मांडले गेले.

१९९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी पर्यावरणीय न्यायाचा आदेश काढला. ॲफ्टनची माती निर्विष व्हायला मात्र २००३ साल उजाडले. जानेवारी २०२५ मध्ये तो आदेशही रद्द झाला. सत्तेने दिलेले सत्ता परत घेऊ शकते. लोकांनी मोजून ठेवलेले सत्य तिला रद्द करता येत नाही.

ब्लॅक पँथरच्या नावातून प्रेरणा घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. त्या नात्याने काळ्यांच्या या लढ्याकडूनही आपण काही घ्यायला हवे. आपल्या शहरांचे कचराडेपो, गटारांची तोंडे, कारखान्यांचे नाले कुणाच्या झोपड्यांना खेटून आहेत? चर्च असो, विहार असो की अभ्यासमंडळ, ही मोजणी हाती कोण घेणार?