सुरिनामचे अरण्य कोणाचे?

इतिहास शिकविताना नकाशा भिंतीवर नुसता टांगलेला असतो, आणि भूगोल शिकविताना इतिहासाचे पुस्तक मिटलेले असते. आमच्या शिक्षणक्रमातील ही खोड जुनी आहे, आणि इतकी वर्षे अध्यापनात घालवूनही आम्ही स्वतः तीतून पुरते सुटलो आहो असे म्हणवत नाही. या खोडीमुळे कित्येक देशांविषयीचे आपले ज्ञान अर्धेच राहते. दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील सुरिनाम हा अशा देशांपैकी एक होय.

सुशिक्षित वाचकांस या देशाचे नाव बहुधा एका तहामुळे ठाऊक असते. १६६७ साली ब्रेडा येथे इंग्रज व डच यांच्यात जो तह झाला, त्यात उत्तर अमेरिकेतील न्यू ॲम्स्टरडॅम, म्हणजे आजचे न्यू यॉर्क, इंग्रजांकडे राहिले व सुरिनाम डचांकडे राहिले. रत्न देऊन गारगोटी घेतली, असे म्हणून आज लोक डचांस हसतात. परंतु त्या काळच्या एखाद्या डच व्यापाऱ्यास विचारले असते, तर त्याने न्यू यॉर्कलाच गारगोटी म्हटले असते. कारण ऊस सुरिनामात पिकत होता, न्यू यॉर्कात पिकत नव्हता. हा ऊस कोठे व कोणाच्या हातांनी पिकला, आणि ते हात बंधन तोडून कोठे गेले, हे समजण्यास आधी त्या भूमीची ओळख करून घेतली पाहिजे.

सुरिनाम विषुववृत्ताच्या उत्तरेस साधारण दोन ते सहा अंशांच्या दरम्यान वसला आहे. पश्चिमेस कोरांतेन व पूर्वेस मारोवेने या नद्यांनी त्याच्या सीमा आखल्या आहेत. दक्षिणेस ब्राझील आहे. क्षेत्रफळ सुमारे १,६३,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडे अधिक. पण एवढ्या प्रदेशात माणसे राहतात ती सहा लाखांच्या थोडी वर. देशाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग आजही अरण्याने झाकलेला आहे. या अरण्याखालचा खडक पृथ्वीवरील अत्यंत प्राचीन खडकांपैकी असून त्याचे वय सुमारे दोनशे कोटी वर्षे सांगतात. सर्वांत उंच शिखर सुमारे १,२८० मीटरांचे आहे. नद्या सर्व दक्षिणेकडून उत्तरेस वाहतात, आणि जुना खडक सोडून सखल भूमीवर उतरताना त्यांच्या पात्रांत ठिकठिकाणी खडकांचे उंबरठे लागतात. त्यांवरून पाणी असे उसळते की अनोळखी नावाड्याची होडी फुटलीच म्हणून समजावे. हे उंबरठे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

किनारपट्टीची गोष्ट निराळी आहे. ती खडकाची नाही, चिखलाची आहे, आणि तो चिखलही बहुतांशी परका आहे. दूर आग्नेयेस ॲमेझॉन नदी समुद्रात जो गाळ ओतते, तो सागरी प्रवाहाबरोबर किनाऱ्याकिनाऱ्याने वायव्येकडे सरकत येतो. त्याचे मोठाले थर एका जागी साचतात, त्यांवर खारफुटी उगवते. मग थर पुढे सरकला की समुद्र तीच भूमी पुन्हा खाऊ लागतो. अशा रीतीने हा किनारा कधी वाढतो, कधी झिजतो. त्याच्या मागे दलदल, दलदलीच्या मागे पांढऱ्या वाळूची उघडी माळराने, आणि त्यांच्याही मागे घनदाट अरण्य, असा हा देशाचा उतरता पट आहे.

हवामान बाराही महिने उष्ण व दमट असते. राजधानी पारामारिबो येथील सरासरी उष्णता २७ अंशांच्या आसपास असून वर्षाच्या कोणत्याही महिन्यात तीत फारसा फरक पडत नाही. पाऊस वर्षाकाठी सुमारे २,२०० मिलिमीटर पडतो. मुंबईचा पाऊसही जवळजवळ तेवढाच. पण मुंबईत तो चार महिन्यांत कोसळून जातो, तर सुरिनामात तो वर्षात दोनदा येतो. ईशान्येचे व आग्नेयेचे व्यापारी वारे ज्या पट्ट्यात एकमेकांस भेटतात, तो पट्टा सूर्यामागोमाग उत्तरेस व दक्षिणेस सरकतो आणि जाता-येता या देशावरून जातो. म्हणून एप्रिलअखेरपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत मोठा पावसाळा, डिसेंबर-जानेवारीत लहान पावसाळा, आणि त्यांच्या मधे दोन उघडिपी, असे चार ऋतू तेथे मानतात. विषुववृत्त जवळ असल्यामुळे कॅरिबियन बेटांस उद्ध्वस्त करणारी चक्रीवादळे येथपर्यंत पोहोचत नाहीत.

डच लोक या चिखलास भ्याले नाहीत. समुद्राशी भांडून जमीन मिळविणे हा त्यांचा घरचाच धंदा होता. नदीकाठच्या दलदलीस त्यांनी बांध घातले, चर खणले, आणि आपल्या कोकणात खाजणाच्या बांधास जशी उघाडी असते तशी दारे बसविली. ओहोटीस दार उघडून पाणी बाहेर सोडावयाचे व भरतीस ते बंद करावयाचे. कित्येक मळ्यांवर उसाचा घाणाही भरतीच्या साठविलेल्या पाण्यावर चाले. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीचे दिवस आले म्हणजे घाणा रात्रंदिवस थांबत नसे, आणि त्यापुढील माणसांसही थांबता येत नसे. ही माणसे आफ्रिकेतून बळाने आणलेली होती. गुलामगिरीच्या काळात सुमारे दोन लाख आफ्रिकी स्त्रीपुरुष या किनाऱ्यावर उतरविण्यात आले. बांध घालण्याची विद्या डचांची होती. चिखल मात्र यांनी उपसला.

परंतु मळ्यांची रचनाच अशी होती की प्रत्येक मळ्याचे तोंड नदीकडे आणि पाठ अरण्याकडे असे. मागच्या बांधावर उभे राहिले की पुढे दलदल व तिच्या पलीकडे झाडी दिसे. मालकास ती झाडी म्हणजे ताप, साप व अंधार वाटे; गुलामास तीच झाडी उघडे दार वाटत असली पाहिजे. पहिल्यापासूनच लोक पळून जाऊ लागले. १७१२ साली कासार्ड या फ्रेंच सेनानीने वसाहतीवर स्वारी केली, तेव्हाच्या धामधुमीत पुष्कळ गुलामांनी रानाची वाट धरली. इंग्रजीत ज्यांस मॅरून म्हणतात ते हे लोक. त्यांनी वस्तीसाठी जागा निवडली ती नदीच्या उंबरठ्यांच्या वरच्या अंगास. सैन्याच्या होड्या तेथे अडत, आणि मॅरून नावाडी तेच पाणी लीलया ओलांडीत. त्यांची गावे वसली, शेते झाली, भाषा झाल्या. सारामाका व एन्डयुका या त्यांच्यातील दोन मोठ्या जमाती होत. आपल्या पूर्वज स्त्रियांनी पळताना केसांत भाताचे दाणे लपवून आणले, अशी परंपरा ते आजही सांगतात, आणि त्यांच्या भाताच्या काही वाणांस अशा स्त्रियांची नावे आहेत. इतिहासकाराने परंपरा पारखून घ्यावी हे खरे. पण ज्या समाजाने आपला इतिहास बियाण्याच्या नावात जतन केला, त्याला इतिहास नव्हता असे कोणी म्हणू नये.

वसाहतीच्या सरकारने मोहिमांमागून मोहिमा पाठविल्या. त्यांचा निकाल बहुधा पाऊस व ताप हेच लावीत. बोनी या पुढाऱ्याच्या अनुयायांनी दलदलीच्या मध्यभागी बोकू नावाचा किल्ला बांधला होता. त्याकडे जाण्याच्या गुप्त वाटा पाण्याखालून होत्या. तो १७७२ साली पडला खरा, पण तो घेण्यास मुक्त केलेल्या कृष्णवर्णीय शिपायांची पलटण उभारावी लागली. पुढील वर्षी युरोपातून मोठी कुमक आली. तीत स्टेडमन नावाचा एक अधिकारी होता. १७९६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या वृत्तांतात या अरण्यातील चिखल, डास व ज्वर यांचे, तसेच मळ्यांवरील क्रूर शिक्षांचे वर्णन आहे. त्यातील काही चित्रे विल्यम ब्लेक या कवीने कोरलेली आहेत. शत्रूच्या गोळीपेक्षा रोगानेच त्या सैन्याचा अधिक संहार केला.

याच्याही आधी सरकारने एक गोष्ट मनोमन ओळखली होती: हे अरण्य जिंकता येणार नाही. म्हणून १७६० साली एन्डयुकांशी आणि १७६२ साली सारामाकांशी तह झाले. त्यांचे स्वातंत्र्य मान्य करण्यात आले व ठराविक नजराणे देण्याचे कबूल झाले. सुरिनामातील गुलामगिरी १ जुलै १८६३ रोजी कायद्याने संपली. म्हणजे अरण्यातील या माणसांनी शंभर वर्षे आधीच आपली मुक्तता स्वतः लिहवून घेतली होती. येथे सत्यासाठी दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. यापुढे पळून येणाऱ्यांस परत करावे, हे कलमही त्या तहांत होते. आपल्या मुक्ततेसाठी दुसऱ्याच्या मुक्ततेस दार लावून घेण्याचा हा करार होता. तो करणाऱ्यांपुढे काय पर्याय होते, याचा विचार केल्यावाचून त्यांस दोष देण्यास आमची लेखणी धजत नाही. पण तो झाकून ठेवण्यासही ती तयार नाही.

१८६३ मध्ये मालकांस दर गुलामामागे ३०० गिल्डर भरपाई मिळाली. गुलामांच्या वाट्यास सरकारी देखरेखीखालील आणखी दहा वर्षांची मजुरी आली. ती मुदत सरत असताना मळ्यांस नवे हात हवे होते. ५ जून १८७३ रोजी ‘लल्ला रुख’ हे जहाज कलकत्त्याहून ३९९ माणसे घेऊन पोहोचले, आणि १९१६ पर्यंत सुमारे ३४,००० हिंदी मजूर तेथे गेले. ते बहुतेक संयुक्त प्रांत व बिहार या भागांतले होते. सुमारे एक तृतीयांश लोक परतले. बाकीचे तेथेच राहिले. करार संपल्यावर किनाऱ्याच्या त्याच चिखलात त्यांनी स्वतःची भातशेती उभी केली, आणि भोजपुरी व अवधी यांच्या मिश्रणातून सारनामी नावाची त्यांची बोली झाली. अशा रीतीने एका लहान देशात भाताची दोन शेते झाली: एक पळून गेलेल्यांचे अरण्यात, दुसरे करारावर आणलेल्यांचे किनाऱ्यावर.

येथे ही कथा संपती तर समाधानाने लेखणी खाली ठेवता आली असती. परंतु अठराव्या शतकातील पलटणींस जे साधले नाही, ते विसाव्या शतकातील एका धरणाने साधले. सुरिनामात बॉक्साइट विपुल आहे. त्यापासून ॲल्युमिनियम करण्यास स्वस्त वीज हवी होती. म्हणून सुरिनाम नदीवर आफोबाका येथे धरण बांधण्यात आले, आणि १९६४ साली त्याची दारे बंद झाली. सुमारे १,५०० चौरस किलोमीटरांचा जलाशय पसरला. ज्या खडकांच्या उंबरठ्यांनी सैन्य अडविले होते त्यांतील कित्येक पाण्याखाली गेले, आणि त्यांच्या आश्रयाने वसलेली गान्झे व इतर गावेही गेली. सुमारे ६,००० माणसांस घरे सोडावी लागली. पाणी चढत असता बुडत्या रानातील जनावरे वाचविण्यासाठी एक मोहीम निघाली व तिने सुमारे १०,००० प्राणी सोडविले. हे कृत्य स्तुत्यच होते. मात्र विस्थापित माणसांची कहाणी जगाने तितक्या आस्थेने ऐकली असे दिसत नाही. ज्यासाठी हे सर्व झाले तो ॲल्युमिनियमचा कारखाना १९९९ साली बंद पडला. न तोडलेल्या झाडांचे वठलेले बुंधे मात्र त्या तळ्यातून अजून वर आलेले दिसतात.

१९७५ साली सुरिनाम स्वतंत्र झाले. पण राज्य बदलले तरी अरण्याविषयीची राज्यकर्त्यांची समजूत बदलली नाही: जेथे खातेपुस्तक नाही ती भूमी सरकारची. एकोणीसशे नव्वदनंतरच्या दशकात सारामाकांच्या प्रदेशात लाकूडतोडीचे परवाने देण्यात आले, तेव्हा त्यांनी या वेळी नदीच्या वरच्या अंगास न जाता न्यायालयाची पायरी चढली. मानवी हक्कांच्या आंतर-अमेरिकी न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००७ रोजी निकाल दिला की त्या भूमीवर सारामाकांचा सामुदायिक हक्क आहे, व तीत मोठे प्रकल्प आणण्यापूर्वी त्यांची संमती घेतली पाहिजे. निकाल लागणे व तो अमलात येणे यांत किती अंतर असते, हे आपल्याकडील जंगलांची हकिकत जाणणाऱ्या वाचकांस सांगावयास नको.

ज्या देशाचे नव्वद टक्के अरण्य आज शाबूत आहे, त्याच्या नकाशावर हिरवा रंग भरून खाली ‘निर्जन’ असे लिहिण्याचा मोह सर्वांसच होतो. वर जे लिहिले आहे ते त्या एका शब्दाविरुद्ध आहे. ती भूमी रिकामी कधीच नव्हती. मळ्याच्या मागच्या बांधावरून तिच्याकडे पाहणाऱ्यास तेथे माणसे दिसत नव्हती, एवढेच. पुढच्या वेळी सुरिनामचे नाव निघेल तेव्हा वाचकांनी न्यू यॉर्कचा विनोद खुशाल करावा. परंतु १७६२ सालचा तहही त्याबरोबर आठवावा, एवढीच आमची विनंती आहे.